तीन नळ्या भरल्या, तरी दाढ का ठणकते?

पत्र:

‘नमस्कार डॉक्टर. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. वय 43, शाळेत शिक्षिका आहे. अडीच वर्षांपूर्वी डाव्या बाजूच्या वरच्या दाढेचं रूट कॅनॉल करून कॅप बसवली. वर्षभर बरं होतं. मग चावताना ठणका सुरू झाला. हिरडीवर बारीक पुळी येते, फुटते, परत येते. डावी नाकपुडी सारखी चोंदलेली आणि गाल जड असतो. मेडिकलमधून तीन वेळा अँटिबायोटिक आणून घेतलं, तेवढ्यापुरतं थांबतं. गेल्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, एका मुळात चौथी नळी असावी आणि ती राहून गेली असणार. स्कॅन करू आणि रूट कॅनॉल पुन्हा करू. पहिल्या डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणतात, वरच्या दाढेला तीनच नळ्या असतात आणि मी तिन्ही भरल्यात. खोटं कोण बोलतंय? मिस्टर म्हणतात, दोनदा पैसे घालण्यापेक्षा काढून टाक. सासूबाई म्हणतात, वरची दाढ काढली की डोळ्यावर परिणाम होतो. जाऊबाई म्हणतात, मिश्री लाव. माझ्या दाढेतच काही विकृती आहे का? आणि माझ्या 14 वर्षांच्या मुलीलाही हे होणार का? कृपया नाव छापू नये.’

उत्तर:

ताई, दाढ काढण्याचा निर्णय आज घेऊ नका आणि मेडिकलमधून चौथ्यांदा गोळ्या आणू नका. हे दोन आधी सांगितलं, आता बाकीचं सविस्तर बोलू.

नळी म्हणजे दाताच्या मुळातली बारीक पोकळी, जिच्यात नस असते. पहिल्या डॉक्टरांनी तीन नळ्या भरल्या, हे खरं असणार. पण वरच्या दाढेला ‘तीनच’ नळ्या असतात, हे बरोबर नाही. तुमच्या केसपेपरवर 26 असा आकडा असेल, तर ती वरची डावी पहिली मोठी दाढ. (यातला 2 म्हणजे वरचा डावा भाग आणि 6 म्हणजे मधल्या रेषेपासून सहावा दात.) या दाढेला बहुतेक वेळा तीन मुळं असतात, दोन गालाकडे आणि एक टाळूकडे. मुळं तीन म्हणून नळ्या तीन, असा हिशेब सहज डोक्यात बसतो. तो चुकतो गालाकडच्या पुढच्या मुळाशी. ते मूळ गोल नसतं. गालाकडून टाळूकडे पसरलेलं, चपटं असतं, आणि त्यात एकामागे एक अशा दोन नळ्या असणं हेच जास्त करून आढळतं.

हे आम्हा दंतवैद्यांना काल-परवा कळलेलं नाही. अमेरिकेत फ्रँकलिन वाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 208 दाढांचं नेमकं हेच मूळ कापून पाहिलं आणि 1969 मध्ये निष्कर्ष छापला. त्यातल्या 51.5 टक्के मुळांत दोन नळ्या होत्या. पुढे 1999 मध्ये जॉन स्ट्रॉपको या दंतवैद्यांनी आपल्या दवाखान्यातल्या 8 वर्षांच्या कामाची नोंद प्रसिद्ध केली. वरच्या पहिल्या दाढांपैकी 73.2 टक्के दाढांत त्यांना ही जादा नळी सापडली होती. मात्र मायक्रोस्कोप, बारीक कामाची खास हत्यारं आणि रुग्णामागे पुरेसा वेळ, या तिन्ही गोष्टी जुळवल्यावर हाच आकडा 93 टक्क्यांवर गेला. दाढा त्याच प्रकारच्या, डॉक्टर तेच. बदललं ते फक्त शोधणं.

म्हणजे तुमच्या दाढेत विकृती नाही. चौथी नळी असेल, तर तुमची दाढ बहुसंख्यांसारखीच आहे.

मग ती पहिल्या वेळी दिसली का नाही? याला तीन कारणं आहेत. या नळीचं तोंड अतिशय बारीक असतं. आम्ही ज्या फाईलने, म्हणजे सुईसारख्या बारीक हत्याराने, ती चाचपतो, तिचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं असतं, आणि काही वेळा तेही आत जात नाही. दुसरं म्हणजे या तोंडावर दाताच्याच कठीण भागाची, डेंटिनची, एक कड आलेली असते. ती अल्ट्रासॉनिक (अतिवेगाने थरथरणाऱ्या) टोकाने हळूहळू खरवडून बाजूला करावी लागते. नुसतं वरून पाहून काही दिसत नाही. तिसरं कारण एक्सरेचं. एक्सरेचा किरण गालाकडून टाळूकडे जातो आणि या दोन नळ्याही त्याच दिशेने एकामागे एक असतात, त्यामुळे चित्रात एकीवर दुसरी चढते आणि एकच रेघ उमटते. त्यात वरच्या दाढांवर गालाच्या हाडाची सावली पडते. यंत्र थोडं तिरकं धरून दुसरा एक्सरे काढला, तर कधी कधी दोन रेघा सुट्या होतात. आपल्या पंचगंगेला मिळणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या डोळ्यांना दिसतात आणि पाचवी सरस्वती गुप्त मानतात, तशी ही नळी. ती पुष्कळदा पुढे जाऊन शेजारच्या नळीला मिळते, आणि कधी स्वतंत्रपणे मुळाच्या टोकाशी उघडते. स्वतंत्र उघडणारी राहून गेली, तर त्रास होण्याची शक्यता जास्त.

तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून थोडं विषयांतर करते. दाताच्या आतली रचना हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे आणि लोकांना तो जवळजवळ माहीतच नसतो. झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी 1917 मध्ये काढलेल्या दातांच्या पोकळीत रबर भरून ते कडक केलं आणि बाहेरचा दात विरघळवून टाकला. हातात उरला तो आतल्या पोकळीचा साचा. त्या साच्यांत सरळ नळ्यांपेक्षा फाटे, जाळ्या, दोन नळ्यांना जोडणाऱ्या पातळ पट्ट्या आणि बाजूला फुटणाऱ्या बारीक वाटा जास्त होत्या. 1984 मध्ये फ्लोरिडाच्या फ्रँक व्हर्टुची यांनी 2400 दात रसायनांनी पारदर्शक करून, आत रंग सोडून पाहिले. एक नळी सरळ गेली. दोन निघून एक झाल्या. एक निघून दोन झाल्या. एकीच्या दोन होऊन पुन्हा एक झाली. असे आठ प्रकार त्यांनी मांडले आणि आजही आम्ही केसपेपरवर तेच आकडे लिहितो.

फक्त दाढांचंच असं नाही. खालचे पुढचे दात पाहा. इवलेसे, एका मुळाचे. त्यांतही दहांतल्या साधारण चार दातांत दोन नळ्या निघतात, हे 1974 मध्येच दाखवलं गेलं आहे. त्या बहुतेक टोकापाशी एक होतात. खालच्या पहिल्या दाढेला सहसा दोन मुळं असतात, पण काहींना जिभेच्या बाजूला तिसरं छोटं, वाकडं मूळ असतं. व्हिएन्नाचे कॅराबेली यांच्या 1844 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत ते शंभरात पाचांहूनही कमी जणांना असतं, तर तैवान-कोरियातल्या पाहण्यांत पाचांतल्या एकाला किंवा त्याहून जास्त लोकांना सापडलं आहे. खालच्या दुसऱ्या दाढेत तर कधी वेगळ्या नळ्याच नसतात. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी एक सलग वळलेली फट असते. तीही पूर्व आशियात बरीच जास्त आढळते. चार नळ्यांची वरची दाढ यांपुढे अगदी रोजची म्हणावी लागेल.

हा फरक ठरतो लहानपणीच. पहिली मोठी दाढ सहाव्या वर्षाच्या सुमाराला तोंडात येते, पण तिची मुळं पूर्ण व्हायला नववं-दहावं वर्ष उजाडतं. मूळ खाली वाढत असताना त्याच्या कडेने पेशींचा एक पातळ पदर असतो. तो कुठे आत वळतो आणि कुठे दुमडतो, यावर मुळांची संख्या आणि घाट ठरतो. चपट्या मुळात सुरुवातीला एकच रुंद पोकळी असते. नंतर मध्ये डेंटिनचे थर बसत जातात आणि तिच्या दोन वाटा होतात. वय वाढेल तसे हे थर वाढतात आणि नळ्या आणखी निमुळत्या होतात. चाळिशीनंतरच्या दाढेत चौथी नळी शोधणं विशीतल्या दाढेपेक्षा अवघड जातं, ते यामुळेच.

आता तुमच्या त्रासाकडे येते. नळी राहिली असेल, तर तिच्यात मेलेली नस आणि जंतू कोंडलेले असतात. ते टोकातून हाडात झिरपतात, तिथे पू होतो आणि वाट काढून हिरडीवर येतो. तुमची पुळी म्हणजे त्या वाटेचं तोंड. गोळ्या घेऊन थांबतं आणि परत येतं, कारण गोळीचं औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या नळीत रक्त पोचतच नाही. आजूबाजूची सूज तेवढी ओसरते, मूळ जागा तशीच राहते. वर सारख्या गोळ्या घेतल्याने खरोखर गरज पडेल त्या दिवशी त्या लागू न पडण्याचा धोका वाढतो, तो वेगळा.

नाकाचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. वरच्या दाढांच्या मुळांना लागूनच वरच्या जबड्याच्या हाडातली पोकळी, म्हणजे सायनस असतो. काही जणांत मध्ये हाडाचा फक्त पातळ पापुद्रा असतो. दाढेतला संसर्ग तिथे पोचला, तर एकाच बाजूची नाकपुडी चोंदते, गाल जड होतो, कधी दुर्गंधीही येते. सर्दीच्या औषधाने हे जात नाही. दोन्ही डॉक्टरांना ही तक्रार सांगितली आहे का? नसेल तर सांगा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलात, तर त्यांनाही दाढेबद्दल सांगा.

असं असलं, तरी चौथी नळीच दोषी आहे, हे मी पत्रावरून ठरवणार नाही आणि कोणीही ठरवू नये. हीच लक्षणं कॅपच्या कडेने लाळ आत झिरपल्याने होतात, कॅपखाली नव्याने कीड लागल्यानेही होतात. मुळाला उभा तडा गेला असेल, तरीही हेच होतं. तडा असेल, तर रूट कॅनॉल पुन्हा करून काहीच फायदा नाही. ते मूळ किंवा अख्खी दाढच काढावी लागते. म्हणून डॉक्टर बारीक सळई हिरडीच्या कडेने दाढेभोवती फिरवून पाहतात. ती सगळीकडे थोडीशीच आत जाते आणि एकाच ठिकाणी एकदम खोल उतरते, असं झालं की तड्याची शंका येते. ही तपासणी झाली का, एवढं नक्की विचारा.

स्कॅन जरूर करा. त्याला सीबीसीटी म्हणतात. दाढ तिन्ही बाजूंनी, कापा-कापांत दिसते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘छोटा भाग’ लिहून दिला आहे का, ते बघा. दोन-तीन दातांपुरता स्कॅन पुरतो. त्यात चित्र जास्त स्पष्ट येतं आणि किरणांचा डोसही अख्ख्या जबड्याच्या स्कॅनपेक्षा कमी असतो. एक अडचण तुमच्या बाबतीत येऊ शकते. कॅप धातूची असेल, तर चित्रात पांढरे-काळे पट्टे उठतात आणि नेमका हवा तो भाग झाकला जातो. अशा वेळी आधी कॅप काढून मग स्कॅन करावा का, हे डॉक्टरांशी बोलून घ्या. कॅप तशीही बहुधा बदलावीच लागेल.

मिस्टरांना सांगा, त्यांचा हिशेब अर्धाच झाला आहे. दाढ काढणं स्वस्त आहे, पण काढल्यावर जागा रिकामी ठेवता येत नाही. शेजारचे दात कलतात आणि समोरची खालची दाढ वर सरकू लागते. ब्रिज बसवायचा, तर बाजूचे दात घासावे लागतात. इम्प्लांट बसवायचं, तर वरच्या जबड्यात सायनस इतका जवळ असतो की अनेकदा आधी हाड भरावं लागतं. हे दोन्ही खर्च धरले, तर पुन्हा केलेलं रूट कॅनॉल आणि नवी कॅप पुष्कळदा स्वस्तच पडते. तडा नसेल आणि कॅपखाली पुरेसा दात शिल्लक असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: दाढ वाचवा. जिथे काय चुकलं ते ठाऊक आहे आणि ते दुरुस्त करता येतं, तिथे दाढ काढायची घाई मला पटत नाही. हमी मात्र कोणी देत असेल, तर विश्वास ठेवू नका. पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी यशाचं प्रमाण थोडं कमीच असतं, आणि एक्सरेत मुळाशी काळा डाग, म्हणजे हाड झिजल्याची खूण, असेल तर आणखी थोडं कमी. ते नाहीच जमलं, तर हिरडी उघडून मुळाचं टोक कापण्याची छोटी शस्त्रक्रिया हा पर्याय उरतो.

पुन्हा करणाऱ्या डॉक्टरांना चार गोष्टी स्पष्ट विचारा. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. मायक्रोस्कोप किंवा निदान भिंगाचा चष्मा वापरणार का? दाढेभोवती रबर डॅम (रबराचा पातळ पडदा) लावणार का, म्हणजे लाळ आत जाणार नाही? जुना गटापर्चा (नळीत भरलेला रबरासारखा पदार्थ) पूर्ण काढून सगळ्याच नळ्या पुन्हा धुणार का, की फक्त नवी नळी शोधणार? आणि नळी सापडली नाही, तर पुढे काय? या कामात एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) केलेले तज्ज्ञ, म्हणजे एंडोडोंटिस्ट, असतात आणि कोल्हापुरात ते आहेत. खर्चाची अडचण असेल, तर नवे पारगावच्या तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालयात किंवा सांगलीच्या दंत महाविद्यालयांत चौकशी करा. तिथे याच कामाचा स्वतंत्र विभाग असतो. वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त पडतात, पण खर्च कमी येतो आणि एका दाढेवर दोन-तीन डॉक्टरांची नजर फिरते.

काम झाल्यावर पुळी काही दिवसांत बसायला हवी. हाड मात्र सावकाश भरतं. वर्षभराने एक्सरे काढा. डाग लहान झाला असेल पण गेला नसेल, तर घाबरू नका. चार वर्षांपर्यंत त्यावर लक्ष ठेवायची पद्धत आहे. तोवर त्या बाजूने ऊस, हाडं, कडक भडंग चावू नका. मिश्री तर अजिबात लावू नका. ती तंबाखूच आहे. हिरडी थोडी बधिर होते म्हणून बरं वाटतं, आणि बायकांना तिची सवय लागते ती बहुतेक वेळा अशाच एखाद्या दुखऱ्या दाढेपासून. जाऊबाईंच्या तोंडाची तपासणीही याच निमित्ताने करून घ्या, ही कळकळीची विनंती.

सासूबाईंना समजावून सांगा की दाढेची नस आणि डोळ्याची दृष्टीची नस या दोन वेगळ्या नसा आहेत. दाढ काढली म्हणून नजर कमी होत नाही. डोळ्यांची काळजी उलट दिशेने करायला हवी: दाढेची सूज गालावरून डोळ्याकडे चढू लागली, ताप आला, तोंड उघडेनासं झालं किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंट बघत बसू नका. रात्र असली तरी थेट सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा.

पहिल्या डॉक्टरांविषयी तुमच्या मनात राग आहे, तो मला समजतो. मायक्रोस्कोपशिवाय काम करणाऱ्या कोणाच्याही हातून ही नळी राहू शकते, त्याला मी फसवणूक म्हणणार नाही. पण दुखणं घेऊन आलेल्या माणसाला फोनवर ‘तीनच असतात’ म्हणून परतवणं मला पटलेलं नाही. पुन्हा तपासायला बोलावलं जाणं हा तुमचा हक्क होता. त्यांच्याकडे एकदा समक्ष जा, भांडायला नव्हे, तर रूट कॅनॉलच्या आधीचे आणि नंतरचे एक्सरे मागायला. दुसऱ्या डॉक्टरांना त्यांचा खरोखर उपयोग होईल. काळा डाग तेव्हाही होता की नंतर आला, हे त्यावरूनच कळेल.

राहिली लेक. मुळांचा घाट बराचसा आनुवंशिक असतो, त्यामुळे तिच्या दाढेतही चौथी नळी असू शकते. पण नळी असल्याने कोणाची दाढ दुखत नाही. कीड नसेपर्यंत दाढेच्या पोटात किती नळ्या आहेत, याने काही फरक पडत नाही. तेवढ्यासाठी तिचा स्कॅन करू नका. तुमच्या चौथ्या नळीची खात्री झाली, तर ते केसपेपरवर लिहून घ्या आणि कागद जपून ठेवा. डाव्या-उजव्या दाढांची रचना बहुधा सारखी असते. उद्या उजव्या दाढेवर वेळ आली, तर डॉक्टर पहिल्यापासूनच चार नळ्या शोधतील. मुलीला मात्र या सुट्टीत दाखवून आणा. तिच्या दुसऱ्या मोठ्या दाढा येऊन फार दिवस झालेले नसतील. त्यांच्या खाचा खोल असतील, तर त्या सीलंटने बुजवून घेता येतात. त्यात टोचणं-कापणं काही नसतं, आणि एका बैठकीत काम होतं.